‘अज्ञात इसमांच्या हातून’

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात टॅलाहॅची नदीकाठी, शेतांमधून जाणाऱ्या एका रस्त्याच्या टोकाशी एक पाटी उभी आहे. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचे प्रेत या नदीतून बाहेर काढण्यात आले, ही माहिती ती पाटी देते. २००८ साली पहिली पाटी लावली गेली, ती चोरीस गेली. तिच्या जागी दुसरी आली, तिची बंदुकीच्या गोळ्यांनी चाळणी झाली. तिसरीचीही तीच गत झाली. अखेर २०१९ साली पाचशे पौंडांहून अधिक वजनाची, गोळीला दाद न देणारी पोलादी पाटी तेथे बसवावी लागली.

अर्धशतकापूर्वी मारल्या गेलेल्या एका मुलाच्या नावावर गोळ्या झाडाव्यात, असे कोणाला का वाटावे? मृतांची आठवण ही निरुपद्रवी, फार तर भावुक गोष्ट आहे, असे मानणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधून पाहावे. पाटी कोणावर खटला भरत नव्हती, कोणाकडे भरपाई मागत नव्हती. ती फक्त नाव, तारीख आणि ठिकाण सांगत होती. परंतु ज्या हिंसेचा सारा आधार नाव, तारीख आणि ठिकाण पुसून टाकण्यावर असतो, तिला एवढी नोंदही असह्य होते.

भरदिवसा घडलेले गुन्हे

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. दक्षिणेतील राज्यांत संघराज्याच्या सैन्याचा जो काही आधार मुक्त झालेल्या गुलामांना होता, तो १८७७ साली संपुष्टात आला. त्यानंतर या समाजाला पुन्हा ‘जागेवर’ ठेवण्यासाठी जी साधने वापरली गेली, त्यांतील सर्वांत भयंकर साधन म्हणजे लिंचिंग, अर्थात जमावाने कोणत्याही चौकशीवाचून केलेली हत्या. कधी चोरीचा संशय, कधी गोऱ्या स्त्रीशी बोलल्याचा आरोप, कधी मजुरीवरून झालेली हुज्जत, एवढे निमित्त पुरे होई. तुरुंग फोडून कैद्याला बाहेर ओढण्यात येई आणि झाडाला किंवा दिव्याच्या खांबाला फाशी देण्यात येई.

हे प्रकार रात्रीच्या अंधारात चोरून होत, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती त्याच्या उलट होती. अनेक ठिकाणी हजारोंचा जमाव जमे, छायाचित्रकार बोलावले जात आणि लटकत्या प्रेतांच्या चित्रांची पोस्टकार्डे विकली जात. त्या चित्रांत जमावातील माणसांचे चेहरे स्पष्ट दिसतात. तरीही मृत्यूची चौकशी करणारे स्थानिक अधिकारी एकच ठराविक निष्कर्ष लिहून कागद मिटवीत. मृत्यू ‘अज्ञात इसमांच्या हातून’ झाला, हा तो निष्कर्ष. ज्यांना सारे गाव ओळखत होते, ते कागदावर अज्ञात ठरले. आणि ज्याला मारले, तोही बहुधा वृत्तपत्रात एखाद्या कडव्या विशेषणापुरता उरे, कित्येकदा नावावाचूनच.

म्हणजे हत्या एकदा होत नव्हती, दोनदा होत होती. पहिली दोराने किंवा बंदुकीने, दुसरी लेखणीने. पहिलीवर इलाज नव्हता. दुसरीवर मात्र होता. तो इलाज ज्यांनी केला, त्यांत मोठे पुढारी थोडे आहेत. शिक्षिका, कारकून, ग्रंथपाल, टपालखात्यातील नोकर, चर्चमध्ये जाणारी सामान्य कुटुंबे यांचीच त्यांत गर्दी आहे.

एका शिक्षिकेने काढलेला हिशेब

आयडा बी. वेल्स यांचा जन्म १८६२ साली मिसिसिपीत गुलाम आईबापांच्या पोटी झाला. मेम्फिस शहरात त्या शाळाशिक्षिका होत्या आणि पुढे एका वृत्तपत्राच्या भागीदार-संपादक झाल्या. १८९२ च्या मार्च महिन्यात त्यांचे स्नेही थॉमस मॉस यांना दोन सहकाऱ्यांसह तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. मॉस टपाल वाटण्याची नोकरी करीत आणि जोडीला किराणा मालाच्या एका दुकानात भागीदार होते. ते दुकान चांगले चालू लागले होते आणि जवळच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत होते. झगड्याचे मूळ तेथे होते.

तोपर्यंत वेल्सबाईंचाही असा समज होता की, जमाव क्रूर असला तरी तो निदान गुन्हेगारांना, विशेषतः स्त्रियांवर अत्याचार करणाऱ्यांना, शिक्षा देत असावा. मॉस यांच्या मृत्यूने त्या समजाला तडा गेला. मग त्यांनी शिक्षकाला साजेल असे काम हाती घेतले. त्यांनी उत्तर पडताळून पाहिले. ‘शिकागो ट्रिब्यून’ हे गोऱ्यांचे वृत्तपत्र १८८२ पासून अशा हत्यांची वार्षिक यादी छापीत असे. वेल्सबाईंनी मुद्दाम तेच आकडे आधाराला घेतले. आपल्या समाजाच्या माणसाने जमवलेले आकडे कोणी मानणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. तपासलेल्या ७२८ बळींपैकी केवळ एक तृतीयांशावर स्त्रीवरील अत्याचाराचा नुसता आरोप तरी होता, असे त्यांनी त्याच वर्षी पुस्तिकेत मांडले. १८९५ साली त्यांचे दुसरे, अधिक विस्तृत पुस्तक आले. त्यात नावे होती, ठिकाणे होती, आरोप होते.

या लेखनाची किंमत त्यांना द्यावी लागली. मेम्फिसमधील त्यांच्या वृत्तपत्राची कचेरी जमावाने १८९२ च्या मे महिन्यात उद्ध्वस्त केली. त्या त्या वेळी बाहेरगावी होत्या म्हणून बचावल्या. पुन्हा त्या शहरात राहणे त्यांना शक्य झाले नाही. १९३१ साली त्या निवर्तल्या. या कामाबद्दल पुलित्झर पारितोषिक मंडळाने त्यांचा विशेष गौरव केला, तो २०२० साली.

कात्रणांची कचेरी

वेल्सबाईंच्या कामात धगधगता संताप होता. मन्रो वर्क यांच्या कामात वरवर पाहता तो दिसत नाही. हे गृहस्थ १९०८ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील सुप्रसिद्ध विद्यालयात आले आणि नोंदी व संशोधन या खात्याचे प्रमुख झाले. त्यांचे काम म्हणजे कारकुनीच होती. देशभरची वृत्तपत्रे मागवायची, बातम्या कापायच्या, तारीखवार लावायच्या, एकाच घटनेच्या दोन बातम्या ताडून पाहायच्या आणि ठराविक काळाने एक छोटेसे पत्रक काढून ते वृत्तपत्रांकडे पाठवायचे. पत्रकाची भाषा जमाखर्चाच्या वहीसारखी कोरडी असे. या कोरडेपणामुळेच दक्षिणेतील गोऱ्या संपादकांनाही ते छापावे लागे.

टस्कीगीच्या या वहीप्रमाणे १८८२ ते १९६८ या काळात ४,७४३ माणसे जमावाच्या हातून मारली गेली. त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होती. १९५२ हे वर्ष वहीत एकही नोंद न झालेले पहिले वर्ष होते. सत्तर वर्षे कोणीतरी रोज वही उघडीत होते, म्हणूनच हे वाक्य लिहिता आले.

वहीला मर्यादाही होत्या आणि त्या लपवण्याचे कारण नाही. तिच्यात मुख्य रकाने दोनच होते, काळे आणि गोरे. त्यामुळे मेक्सिकन आणि चिनी वंशाचे बळी ‘गोऱ्यां’च्या रकान्यात गेले आणि त्यांच्यावरील वांशिक हिंसा त्या आकड्यांत दिसेनाशी झाली. तक्ता आखतानाच काय दिसेल आणि काय दिसणार नाही हे ठरून जाते, हे कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

याच सुमारास, १९०९ साली स्थापन झालेल्या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेने हे काम रस्त्यावर आणले. १९१९ साली तिने तीस वर्षांतील ३,२२४ बळींचा अहवाल प्रसिद्ध केला. १९३० च्या दशकात तिच्या न्यूयॉर्कमधील कचेरीच्या खिडकीतून, अशी हत्या घडल्याची बातमी आली की एक काळे निशाण फडकत असे. काल एका माणसाला जमावाने मारले, एवढेच त्यावर लिहिलेले असे. जागेच्या मालकाने कचेरी खाली करण्याची धमकी दिल्यानंतर ते उतरवावे लागले.

एका गावाचे मौन

हा सारा प्रकार दक्षिणेपुरता होता, असे उत्तरेतील लोक बराच काळ समजत. मिनेसोटा राज्यातील डुलूथ हे बंदराचे शहर कॅनडाच्या सरहद्दीपासून फार दूर नाही. १५ जून १९२० रोजी तेथे हजारोंच्या जमावाने पोलीस ठाणे फोडून एका सर्कशीतील तीन तरुण कृष्णवर्णीय कामगारांना बाहेर काढले आणि भर वस्तीत दिव्याच्या खांबाला फाशी दिले. एलियास क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅगी ही त्यांची नावे. एका तरुणीवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याचा पुरावा आढळला नव्हता. खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. दंगल माजवल्याबद्दल तिघांना अल्पशी कैद झाली.

त्यानंतर शहर गप्प राहिले. शाळेत हे शिकवले जात नसे, घरात बोलले जात नसे. मायकेल फेडो या लेखकाने १९७९ साली या घटनेवर पुस्तक लिहिले, तेव्हा कोठे ती पुन्हा कागदावर आली. तिघांच्या थडग्यांवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो १९९१ साली बसला. पुढे नागरिकांनी समिती स्थापन केली, वर्गणी जमवली आणि १० ऑक्टोबर २००३ रोजी, घटना घडली त्या कोपऱ्यासमोरच, तिघांचे कांस्य पुतळे असलेले स्मारक उभे राहिले. त्याच प्रकरणात अत्याचाराच्या आरोपावरून तुरुंगात गेलेल्या मॅक्स मेसन या चौथ्या कामगाराला २०२० साली राज्याने मरणोत्तर माफी दिली. शंभर वर्षांनी मिळालेल्या माफीचा मेसन यांना काय उपयोग, असे कोणी विचारील. त्यांना उपयोग नाहीच. परंतु सरकारी दप्तरातले एक खोटे वाक्य दुरुस्त झाले, आणि ते दप्तर यापुढे जे वाचतील त्यांना त्याचा उपयोग आहे.

फाडलेले पान

दप्तर खोटे असणे ही एक गोष्ट. दप्तरच नाहीसे होणे ही दुसरी. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वसाहत जाळली. पस्तीस चौकांचा परिसर आणि बाराशेहून अधिक घरे भस्मसात झाली. मृतांचा त्या वेळचा सरकारी आकडा ३६ होता. इतिहासकारांचा अंदाज १०० ते ३०० असा आहे. दंगलीला ज्या बातमीने चिथावणी दिली असे मानले जाते, ती बातमीच जुन्या अंकाचे सूक्ष्मचित्रण होण्यापूर्वी पानातून फाडून काढण्यात आली होती.

परंतु हाडे फाडता येत नाहीत. वाचलेल्यांच्या मुलानातवंडांनी सामूहिक दफनाच्या कथा जिवंत ठेवल्या. १९९७ साली राज्याने चौकशी आयोग नेमला, २००१ मध्ये त्याचा अहवाल आला आणि २०२० मध्ये शहरातील ओकलॉन दफनभूमीत उत्खनन सुरू झाले. २०२४ च्या जुलैमध्ये तेथील एका सांगाड्याची ओळख पटली. तो सी. एल. डॅनियल या पहिल्या महायुद्धात सैन्यात असलेल्या तरुणाचा होता. आनुवंशिक चाचणीने त्याच्या घराण्यापर्यंत नेले. पण तो टल्सात मारला गेला, याचा लेखी आधार सरकारी दप्तरखान्यात मिळाला. डॅनियलच्या आईच्या वतीने १९३६ साली माजी सैनिकांच्या खात्याला लिहिलेले ते एक पत्र होते. त्या पत्राला आवक क्रमांक देऊन ते योग्य जागी ठेवणारा कोणी अनाम कारकून होता. त्याच्या नीटनेटकेपणामुळे जवळजवळ नव्वद वर्षांनी एका माणसाला त्याचे नाव परत मिळाले.

मातीच्या बरण्या

अलीकडच्या काळात या कामाला सर्वांत मोठी चालना दिली ती ब्रायन स्टीव्हनसन या वकिलाने. अलाबामातील माँटगोमेरी शहरात त्यांनी १९८९ साली स्थापलेली संस्था मुळात फाशीची शिक्षा झालेल्या गरीब कैद्यांचे खटले लढवी. आजच्या अन्यायाची मुळे न सांगितलेल्या इतिहासात आहेत, हे लक्षात आल्यावर संस्थेने जुनी दप्तरे चाळण्यास प्रारंभ केला. २६ एप्रिल २०१८ रोजी तिने उभारलेले राष्ट्रीय स्मारक खुले झाले. तेथे आठशेहून अधिक पोलादी स्तंभ आहेत. प्रत्येक स्तंभ एका जिल्ह्याचा आणि त्यावर त्या जिल्ह्यातील बळींची नावे. प्रथम स्तंभ माणसाच्या उंचीवर समोर उभे असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि स्तंभ डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. १८७७ ते १९५० या काळातील ४,४०० हून अधिक बळींची ही नोंद आहे. ज्यांचे नाव सापडले नाही, त्यांच्या जागी ‘अज्ञात’ असे कोरले आहे. एकेकाळी मारेकऱ्यांचे संरक्षण करणारा हा शब्द येथे बळीच्या बाजूने साक्ष देतो.

या उपक्रमातील सर्वांत साधी गोष्ट कदाचित सर्वांत महत्त्वाची आहे. स्वयंसेवकांना एक रिकामी बरणी देण्यात येते. तिच्यावर बळीचे नाव, तारीख आणि ठिकाण लिहिलेले असते. त्यांनी ते ठिकाण शोधायचे, तेथे जायचे आणि चार मुठी माती बरणीत भरून आणायची. काही ठिकाणी बळीचे वंशज आणि गावातील गोरे रहिवासी एकत्र खणतात. अशा शेकडो बरण्या आज माँटगोमेरीच्या संग्रहालयात ओळीने मांडल्या आहेत. कोणाची माती काळी, कोणाची तांबडी, कोणाची वाळूमिश्रित. ठिकठिकाणी स्थानिक मंडळींनी पाट्या उभारल्या आणि त्या त्या जिल्ह्यातील माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धाही घेतल्या जातात. आपल्याच गावात काय घडले, हे मुलांनी शोधून लिहावे असा त्यांचा उद्देश असतो.

आक्षेप आणि उत्तर

या साऱ्या खटाटोपावर आक्षेप घेणारे थोडे नाहीत, आणि ते सारेच दुष्ट आहेत असेही नव्हे. जुन्या जखमेवरची खपली कशाला काढायची, असा त्यांचा प्रश्न असतो. ज्यांनी गुन्हा केला ते गेले, त्यांच्या नातवंडांना मान खाली घालायला का लावायचे? प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु खपली धरण्यासाठी जखम धुतलेली असावी लागते. न धुतलेली जखम वरून मिटली तरी आतून चिघळते. नदीकाठच्या पाटीवर झाडलेल्या गोळ्या हा चिघळण्याचाच पुरावा आहे. शिवाय नातवंडांकडून अपराधाची कबुली कोणी मागत नाही. सत्याला अडथळा करू नका, एवढीच मागणी आहे. टिल खटल्यातील आरोपींना जेथे निर्दोष सोडण्यात आले, त्या न्यायालयासमोर २००७ साली तेथील काळ्या आणि गोऱ्या नागरिकांनी एकत्र येऊन त्या मुलाच्या कुटुंबाची जाहीर क्षमा मागितली. त्याने कोणाची मान खाली गेल्याचे दिसले नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. नोंद म्हणजे न्याय नव्हे. एमेटच्या मारेकऱ्यांना सर्व गोऱ्या पंचांनी तासाभरात सोडून दिले, आणि काही महिन्यांतच त्यांनी पैसे घेऊन एका मासिकाला आपल्या कृत्याची हकीकत सांगितली. या हत्येबद्दल त्यांना कधीही शिक्षा झाली नाही. लिंचिंगविरोधी विधेयक १९२२ साली प्रतिनिधिगृहात संमत झाले आणि सिनेटमध्ये अडवले गेले. त्यानंतर प्रयत्नांमागून प्रयत्न फसले आणि एमेटच्या नावाचा कायदा झाला तो २०२२ च्या मार्चमध्ये. शंभर वर्षांचा हा उशीर कोणतेही स्मारक भरून काढू शकत नाही. स्मारक बांधून ऋणमुक्त झालो असे समजणाऱ्या समाजाला स्मारकाने फसवलेच म्हणायचे. मात्र नोंद न्याय नसली, तरी नोंदीवाचून न्याय झाल्याचे उदाहरण नाही. वेल्सबाईंचे हिशेब, वर्क यांची कात्रणे आणि संघटनेचे अहवाल नसते, तर सिनेटपुढे ठेवायला काय होते?

म्हणूनच या कामातील पहिला धर्म अचूकपणाचा आहे. एक नाव चुकीचे घातले किंवा एक आकडा फुगवला, तर नाकारणाऱ्याला उरलेली चार हजार नावे फेटाळण्याची सबब मिळते. टस्कीगीचा आकडा आणि माँटगोमेरीचा आकडा वेगळा आहे, कारण दोघांचा काळ, प्रदेश आणि व्याख्या वेगळी आहे. दोघेही ती व्याख्या उघड सांगतात. प्रामाणिक नोंदीची खूण हीच.

ओळखीचे नाते

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण करून. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली विख्यात कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर केलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या. अन्यायाची तक्रार करण्यापूर्वी तिचा मसुदा कसा करावा, पुरावा कसा मांडावा, हे त्यांना पाहायचे होते. साता समुद्रांपलीकडच्या दोन पीडित समाजांमधील हे नाते निव्वळ सहानुभूतीचे नव्हते, दस्तऐवजाचे होते.

एमेटचे प्रेत शिकागोला आणल्यावर त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. आपल्या मुलाचे काय केले हे साऱ्यांना दिसले पाहिजे, असे तिचे म्हणणे होते. हजारो लोकांनी ते पाहिले, छायाचित्रे छापली गेली आणि पुढच्या नागरी हक्कांच्या लढ्यातील अनेकांनी त्या छायाचित्रांना आपल्या निश्चयाचे श्रेय दिले. मेमी टिल त्या वेळी विमानदलाच्या एका कचेरीत कारकून होत्या. नंतर त्या शिकल्या आणि शिकागोत अनेक वर्षे शाळाशिक्षिका म्हणून काम करीत राहिल्या. आपल्या हातात सत्ता नाही, पैसा नाही, मग आपण काय करणार, असे म्हणणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित माणसाने त्यांच्याकडे पाहावे. लिहिता येणे, जपून ठेवता येणे आणि पुढच्या पिढीला खरे ते सांगता येणे ही सामर्थ्ये कचेरीतल्या आणि वर्गातल्या माणसांजवळ असतात. आपल्या गावात कोणाचा बळी ‘अज्ञात इसमांच्या’ नावे जमा झाला आहे, हे विचारण्यासाठी तेवढी पुरेशी आहेत.